रायबागन : किताबाआडची बाई

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका शाळेने रायबागनवर बोलायला बोलावले. मी ऐकत आलो तीच कथा सांगितली. माहूरच्या राजे उदारामांची पत्नी सावित्रीबाई. नवरा वारला, मुलगा लहान. हरचंदराय चालून आला, बाई घोड्यावर बसली, त्याला पिटाळले. औरंगजेबाने खूश होऊन ‘रायबागन’, म्हणजे राजवाघीण, हा किताब दिला. पुढे उंबरखिंडीत तिने कारतलबखानाला शरण जायला लावले. कथा संपल्यावर आठवीतली एक मुलगी उभी राहिली. “सर, वाघीण होती, मग शरण जा का म्हणाली? आणि ती आपली होती का त्यांची?”

मी तेव्हा दिलेले उत्तर मला आज पटत नाही.

आधी कथेचा सांधा तपासू. उदाजीराम हा दख्खनी ब्राह्मण सरदार जहांगिराच्या काळात मोगलांकडे गेला. १६२३ मध्ये बापाविरुद्ध बंड करून शाहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शाहजहान, दक्षिणेत पळाला, तेव्हा त्याने आपले हत्ती आणि जड सामान माहूरच्या किल्ल्यात उदाजीरामाच्या हवाली केले. (गडाच्या हत्ती दरवाजाशी या हत्तींचा संबंध जोडायचा मोह मला दर वेळी होतो. पुरावा नसताना जोडू नये.) हा उदाजीराम दौलताबादच्या वेढ्याच्या सुमारास, म्हणजे १६३३ च्या आसपास वारला. वेढा चालू होता त्याच उन्हाळ्यात चौदा वर्षांचा औरंगजेब आग्र्याला यमुनेकाठी पिसाळलेल्या हत्तीसमोर उभा होता. दख्खनची सुभेदारी त्याला मिळाली १६३६ मध्ये. म्हणजे नवऱ्याचा मृत्यू, हरचंदरायाची स्वारी आणि औरंगजेबाचा किताब ही सलग घडलेली गोष्ट मुळी बसतच नाही.

घोटाळ्याचे एक कारण नावात आहे. उदाजीरामाची मनसब त्याचा मुलगा जगजीवन याला मिळाली आणि बापाचे नावही त्याच्याकडे आले. ‘उदाराम’ हे माहूरच्या घराण्याचे बिरुदच झाले. दोन पिढ्यांना एकच नाव मिळाल्यावर लोकस्मृतीने दोघांचा एक माणूस केला आणि तीसेक वर्षांचा काळ एका लढाईत कोंबला.

माझ्या मते बाईचे खरे आयुष्य या कोंबलेल्या वर्षांतच आहे. मनसब म्हणजे नुसता मान नव्हे. ठरल्या संख्येचे स्वार पदरी ठेवायचे, घोड्यांना डाग देऊन हजेरी द्यायची, जहागिरीचा वसूल गोळा करायचा, सुभेदार बदलला की नव्याशी पुन्हा जुळवून घ्यायचे. आणि मुलूख तरी कोणता? पैनगंगेच्या वळणातला, डोंगर-जंगलाचा. अकबराच्या काळात माहूर हा वऱ्हाड सुभ्यातला एक सरकार होता. ‘आईन-ए-अकबरी’त इथल्या गडाची, देवीच्या ठाण्याची आणि अर्धा अर्धा मण दूध देणाऱ्या म्हशींची नोंद आहे. त्याच नोंदीत इथला जमीनदार रजपूत आहे. म्हणजे उदारामांचे घराणे इथे तुलनेने नवे होते. नव्या घराण्यातला कर्ता पुरुष गेला की भाऊबंद, शेजारी, जुने हक्कदार सगळेच टपतात. मनसब मुलाच्या नावावर चाललेली, आणि फौज घेऊन निघणारी मात्र बाई. तिला मिळालेला किताब मला या अर्थाने महत्त्वाचा वाटतो. मुलाच्या नावाआडून चालणारा कारभार त्या किताबाने उघड मान्य केला.

आता उंबरखिंड. शाएस्तेखान पुण्यात तळ देऊन होता. त्याने कारतलबखानाला कोकणात उतरायला सांगितले. फेब्रुवारी १६६१ मध्ये लोहगडाच्या बाजूने फौज घाट उतरली आणि खोपोलीजवळच्या अरुंद खिंडीत सापडली. मागची वाट बंद, पुढची बंद, रानात वारा नाही, प्यायला पाणी नाही. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’त हा प्रसंग विस्ताराने आहे. तिथे बाई खानाला सुनावते की सिंहाच्या रानात सैन्य घेऊन शिरलास तिथेच चुकलास, आता शरण जाऊन सैन्य वाचव. खान ऐकतो, दूत पाठवतो, महाराज अभय देतात.

हे भाषण जसेच्या तसे बाईच्या तोंडचे मानणारे अभ्यासक मला भेटले आहेत. मला ते मान्य नाही. परमानंद महाराजांचा कवी. वाघिणीनेच सिंहाचे रान मान्य करावे ही त्याची कवीची योजना आहे. शत्रूच्या गोटातून साक्ष काढली की नायक मोठा होतो, हे महाकाव्याला नवे नाही. पण एक गोष्ट कवीलाही उगाच रचता येणार नव्हती. ही साक्ष द्यायला त्या फौजेतले इतके सरदार असताना त्याने माहूरची बाई निवडली. तिच्या शब्दाला वजन आहे हे श्रोत्यांना आधीच ठाऊक असल्याखेरीज ही निवड उभी राहत नाही.

म्हणून व्याख्यानांतून तलवार परजणारी तरणी रायबागन मला खोटी वाटते. पहिल्या उदारामाची पत्नी मानली, तर उंबरखिंडीत ती अठ्ठावीस वर्षांची विधवा होती, म्हणजे पन्नाशीच्या आसपासची. मुलाचे वतन सांभाळत कितीतरी सुभेदार आलेले-गेलेले तिने पाहिले होते. अशा बाईने खिंडीकडे पाहून पहिला हिशेब कोणता केला असेल? आपले स्वार किती, पाणी किती, आणि माहूरला परत किती जण जातील. शरण जा म्हणण्यात भीतीपेक्षा हा हिशेब मला जास्त दिसतो.

राहिला मुलीचा दुसरा प्रश्न. त्या दिवशी मी म्हणालो होतो, “मनाने ती आपलीच होती.” टाळ्या पडल्या. याला काडीचा आधार नाही. ती मोगलांची मनसब सांभाळणाऱ्या घराण्यातली होती आणि त्या चाकरीशी तिने बेइमानी केली नाही. उंबरखिंडीत त्याच फौजेत जाधव, घाटगे, कोकाटेही होते. त्यांच्याबद्दल हा प्रश्न कुणी उभे राहून विचारत नाही. बाईला मात्र एक तर घरचे मानायचे, नाहीतर फितूर.

ती मुलगी आता कॉलेजात असेल. माहूरला गेलो की त्या शाळेवरून एसटी जाते. यंदा हेडमास्तरांना पत्र टाकले आहे, पुन्हा एकदा बोलवा म्हणून. अजून उत्तर नाही.