चेतकच्या पोटातला क्रॉस

बजाज चेतकचं इंजिन उघडलं की नजर आधी क्रँककडे जाते. मी मात्र थांबून राहतो तो मागच्या चाकाचा शाफ्ट सुटा होईपर्यंत. त्या शाफ्टच्या पोटात चार हातांचा पोलादी तुकडा असतो, तळहातावर सहज मावेल एवढा. गॅरेजमध्ये त्याला क्रॉस म्हणतात. गाडीचे चारही गिअर या एकट्याच्या जिवावर चालतात. इतक्या मोजक्या भागांत इतकं काम उरकणारा दुसरा गिअरबॉक्स मी दुचाकीत पाहिलेला नाही.

कल्पना मुळात इटलीची. कोरादिनो दास्कानियो हा हेलिकॉप्टरवर काम केलेला इंजिनिअर. मोटरसायकलची उघडी, कपड्यांवर ऑइल उडवणारी चेन त्याला खपत नव्हती. 1946 साली पियाजिओसाठी व्हेस्पा घडवताना त्याने चेन ठेवलीच नाही. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचं चाक एकाच पिंडात आणलं, आणि गिअर पायाऐवजी डाव्या मुठीत दिला. बजाजने ही स्कूटर आधी परवान्यावर बनवली आणि 1972 पासून ‘चेतक’ या नावाने. नाव बदललं, पोटातली रचना तीच राहिली.

ही रचना सावकाश पाहावी. खालच्या बाजूला एकसंध दातेरी खांब, एकावर एक चार चाकं असलेला. क्लचमधून येणारी ताकद त्याला फिरवते. वर मागच्या चाकाचा शाफ्ट, त्यावर चार सुटे गिअर. आठही चाकांचे दाते एकमेकांत कायम अडकलेले असतात. गिअर बदलताना दात्याला दाता भिडवायचा नसतोच. वरचे चारही गिअर आपापल्या वेगाने शाफ्टवर नुसते फिरत असतात. चाकाशी नातं जुळतं ते फक्त एकाचं, आणि ते जुळवतो क्रॉस. शाफ्ट आतून पोकळ, त्याला लांबट चार खाचा. क्रॉसचे चार हात त्या खाचांतून बाहेर डोकावतात आणि ज्या गिअरच्या आतल्या खोबणीत शिरतात तो गिअर शाफ्टला बांधला जातो.

जुन्या वाड्याच्या दाराचा अडसर ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे लगेच उमगेल. भिंतीच्या जाडीतच सरकणारा, बाहेरून न दिसणारा अडसर. इथे भिंत फिरते आहे आणि अडसर तिच्यासोबत फिरता फिरता पुढेमागे सरकतो आहे, एवढाच फरक.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी. मोटारीच्या गिअरबॉक्समध्ये गिअर सरकवणारे काटे एकापेक्षा जास्त असतात. म्हणून दोन गिअर एकदम पडू नयेत यासाठी वेगळी अडवणूक करून ठेवावी लागते. चेतकमध्ये क्रॉसच एक. तो पहिल्यात असेल तर तिसऱ्यात असूच शकत नाही. सुरक्षेसाठी वेगळा भाग जोडावा लागला नाही, ती रचनेतूनच निघाली. पहिल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये थोडी मोकळी जागा, तो न्यूट्रल.

पण सगळी ताकद त्या चार हातांच्या कडांवर येते. कडा धारदार असतील तोवर पकड पक्की. त्या गोलावल्या की गिअर निसटू लागतो, आणि बहुधा दुसराच. वडिलांची चेतक मी वापरू लागलो तेव्हा एकदा दिवे घाटाच्या चढावर दुसरा गिअर असाच सुटला. इंजिन एकदम ओरडलं आणि गाडी जागीच मंदावली. मूठ दाबून धरून मी कसाबसा वर पोचलो.

गाडी गॅरेजमध्ये नेली. तिथल्या मिस्त्रींनी एका बैठकीत इंजिन उतरवलं. मागचा शॉकॲब्सॉर्बर सोडला, एक लांब बोल्ट ओढून काढला, वायरी सोडवल्या की इंजिन हातात. इंजिनाच्या कवचाचे दोन्ही अर्धे भाग उघडले. क्रॉस ज्या दांडीवर बसतो तिचे आटे उलटे असतात. नवखा माणूस सोडवायच्या नादात ती आणखी आवळतो. क्रॉस काढून त्यांनी तो रॉकेलमध्ये धुतला, पुसला आणि माझा अंगठा धरून कडेवरून फिरवला. “इकडची बाजू बघा, गोटी झालीय. आता पलीकडची बघा.” पलीकडची अजून नखाला लागत होती. इंजिन ज्या बाजूने गाडी ओढतं तीच झिजलेली. “क्रॉस आपोआप नाही जात. वायर ढिली होती तुमची.”

मुठीतून दोन वायरी जातात, एक ओढते तेव्हा दुसरी सोडते. त्या सैल पडल्या की क्रॉस खोबणीत पुरता शिरत नाही, अर्ध्या कडेवरच सगळा भार घेतो. मी कित्येक महिने मुठीतला तो ढिलेपणा अंगवळणी पाडून घेतला होता.

नाना पेठेतून नवा क्रॉस आणला. मिस्त्रींनी दुसऱ्या गिअरच्या खोबण्याही तपासल्या. त्या झिजल्या असतील तर नवा क्रॉसही लवकर जातो. मग फिलर गेज घेऊन गिअरच्या कडेची फट मोजली. ती साधारण 0.15 ते 0.40 मिलिमीटरमध्ये हवी. आमची जास्त भरली, म्हणून जाड वायसर घातला. ऑइल पाव लिटर, एसएई 30. क्लचही याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, त्यामुळे भलतं जाड, ॲडिटिव्ह मिसळलेलं गिअर ऑइल घातलं तर क्लच घसरू लागतो. जुनं ऑइल ओतताना त्यांनी त्याचा वास घेतला होता. पेट्रोलचा वास आला असता तर क्रँकचं सील गेलं, असा त्याचा अर्थ.

नव्या वायरी घालून सगळं जोडल्यावर गाडी स्टँडवर घेतली. एका हाताने ते मागचं चाक फिरवत होते, दुसऱ्याने मूठ. वर पहिला, मग न्यूट्रल, खाली दुसरा, तिसरा, चौथा. प्रत्येक ठिकाणी ‘टक्’ असा बारीक, कोरडा आवाज, आणि चाकाचा जडपणा दर वेळी वेगळा. पहिल्यात ते हलता हलत नव्हतं, चौथ्यात पुष्कळ हलकं झालं.

“नवी वायर ताणते. आठवड्याने या,” ते म्हणाले. गेलो. त्यांनी इंजिनाखाली हात घालून ॲडजस्टर अर्धा आटा फिरवला, मूठ दोनदा हलवून पाहिली आणि हात पुसायला चिंधी उचलली.