प्रेक्षकाची जागा : ‘फँड्री’, ‘कोर्ट’ आणि ‘स्थळ’

प्रस्तावना

महाविद्यालयांतून चित्रपट दाखविण्याची प्रथा आता चांगलीच रुळली आहे. कधी भाषा विभागाच्या रसास्वाद-वर्गाचा भाग म्हणून, तर कधी महिला दिन वा संविधान दिनाचे औचित्य साधून एखादा मराठी चित्रपट दाखविला जातो आणि त्यानंतर उपस्थित प्राध्यापक आपले मत मांडतात. या मतांतील काही विशेषणे ठरलेली असतात. चित्रपट ‘विदारक’ असतो, ‘अंतर्मुख करणारा’ असतो, ‘समाजाला आरसा दाखविणारा’ असतो. ही विशेषणे वैयक्तिक मत म्हणून उच्चारली जात असली, तरी त्यांत व्यक्ती फारशी नसते. बोलणारा कोण आहे आणि पडद्यावर जे चालले आहे त्याच्याशी त्याचे नाते काय, याचा पत्ता त्यातून लागत नाही. आरसा समाजाला दाखविलेला असतो. बोलणारा जणू त्या समाजाबाहेर उभा असतो.

चित्रपटाविषयी वैयक्तिक मत देणे ही गोष्ट गौण नव्हे. अरुण खोपकर यांचा ‘गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका’ हा 1985 चा ग्रंथ एका दिग्दर्शकाविषयीच्या उत्कट आस्थेतूनच सिद्ध झाला आहे. मात्र ती आस्था तेथे प्रकाश, चौकट, हालचाल आणि गीतांचे चित्रण यांच्या बारीक निरीक्षणातून सिद्ध होते, विशेषणांतून नव्हे. मत आणि समीक्षा यांतील अंतर हे असे पाहण्यातले अंतर आहे.

गेल्या काही वर्षांत मराठीत असे काही चित्रपट निर्माण झाले, की ज्यांनी प्रेक्षकाला ही बाहेरची जागा मिळू दिलेली नाही. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ (प्रदर्शन 2014), चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (प्रदर्शन 2015) आणि जयंत दिगंबर सोमलकर यांचा ‘स्थळ’ (प्रदर्शन 2025) या तीन चित्रपटांचा विचार प्रस्तुत लेखात याच एका अंगाने केला आहे. त्यांतील जातिव्यवस्था, न्यायव्यवस्था व विवाहव्यवस्था या विषयांवर बरेच बोलले गेले आहे. त्यांनी पाहणाऱ्याला कोठे बसविले आहे, याविषयी तुलनेने कमी बोलले गेले आहे.

‘फँड्री’ : हसणारी गर्दी

‘फँड्री’चा उल्लेख निघाला की शेवटच्या दगडाचा उल्लेख होतोच. कैकाडी कुटुंबातील जब्या गावकऱ्यांच्या चेष्टेने पेटून उठतो आणि त्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो. हा दगड ‘आपल्या अंगावर येतो’, असे एव्हाना इतक्या वेळा लिहिले गेले आहे, की तो आता कोणाच्याच अंगावर येत नाही. दगडाचे कौतुक करणारा प्रेक्षक तो झेलल्याचे समाधान मिळवितो आणि मोकळा होतो. शेवटाचा हा दुबळेपणा म्हणावा, की त्याच्या स्वीकारातील सोय म्हणावी, याविषयी मतभेद संभवतात. दुसरी शक्यता अधिक खरी वाटते. कारण दगडापूर्वीचा भाग लक्षपूर्वक पाहिला, तर अशी सुटका होत नाही.

डुक्कर धरण्याचा तो दीर्घ प्रसंग म्हणजे एक प्रकारचा खेळ आहे आणि त्याला प्रेक्षकही आहेत. गावातील तरुण व शाळेतील मुले जागा धरून पाहत आहेत, शेरे मारीत आहेत, हसत आहेत. जब्याला जिच्याविषयी ओढ आहे ती शालूही त्या गर्दीत आहे. कचरू माने, त्याची बायको व मुली डुकरामागे धावतात. जब्या मात्र आडोसा शोधत राहतो. त्याचे सारे कष्ट डुक्कर धरण्यासाठी नसून दिसू नये यासाठी आहेत. येथे मंजुळे यांनी एक अवघड गोष्ट साधली आहे. हा पाठलाग हास्यकारक आहे. चिखल, घसरणे, हातातून निसटणारे जनावर हे सारे विनोदी चित्रपटाचे साहित्य आहे आणि चित्रपटगृहातील प्रेक्षक प्रथम हसतोच. काही क्षणांनी पडद्यावरील गर्दीही तेच हसते आहे, हे त्याच्या ध्यानात येते. दगड त्यानंतर येतो. तो येण्यापूर्वीच प्रेक्षक कोणत्या बाजूस बसला होता, हे ठरून गेलेले असते.

याच प्रसंगात शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येतात आणि जब्यासह सारे कुटुंब निश्चल उभे राहते. पुढे धरलेले डुक्कर काठीला बांधून नेताना मागील भिंतीवर डॉ. आंबेडकर, सावित्रीबाई फुले आदींची चित्रे दिसतात. या दोन जागांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यामानाने वर्गातील एक छोटा प्रसंग दुर्लक्षित राहिला. तेथे शिक्षक चोखामेळ्याचा अभंग शिकवीत आहेत. अर्थ बरोबर सांगितला जातो, मुले ऐकतात, तास पुढे सरकतो. जब्याचे त्या अर्थाशी काय नाते आहे, हे विचारण्याची वर्गाला आवश्यकता वाटत नाही. शिक्षक वाईट नाहीत. अभ्यासक्रम पूर्ण करीत आहेत, इतकेच. साहित्याचे अध्यापन करणाऱ्या कोणालाही हा प्रसंग दगडापेक्षा अधिक टोचावयास हवा.

‘कोर्ट’ : नोंद कोण घेतो

‘कोर्ट’मध्ये दगड नाही, हुंदका नाही आणि जवळून टिपलेले चेहरेही फारसे नाहीत. कॅमेरा एका जागी स्थिर असतो, चौकट रुंद असते आणि कोणाकडे पाहावे हे तो सांगत नाही. व्हेनिस महोत्सवात 2014 साली ‘ओरिझोंती’ विभागातील सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरलेल्या व पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळविणाऱ्या या कलाकृतीविषयी ‘संथ’ अशी तक्रार सर्रास ऐकू येते. ती तक्रार प्रामाणिक आहे. परंतु न्यायालयाच्या बाकावर बसणाऱ्याला जो कंटाळा येतो, तो येथे प्रेक्षकाला येतो आणि त्या कंटाळ्यात एक माणूस तुरुंगात आहे, ही गोष्ट हळूहळू विसरली जाते. हे विसरणे चित्रपटाला अभिप्रेत आहे.

लोकशाहीर नारायण कांबळे (वीरा साथीदार) यांच्या गीतामुळे वासुदेव पवार या गटार-सफाई कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप आहे. पवारच्या पत्नीची साक्ष हा चित्रपटाचा गाभा म्हणावा लागेल. तिच्या उत्तरांतून कळते, की त्याच्यापाशी सुरक्षेची साधने नव्हती, गटारातील वायूने त्याचा एक डोळा गेला होता, दुर्गंधी सोसावी म्हणून तो उतरण्यापूर्वी दारू पीत असे आणि आत झुरळ दिसले म्हणजे तेथे हवा आहे, अशी त्याची कसोटी होती. ती हे सारे सपाट स्वरात सांगते. तिचे बोलणे जसेच्या तसे नोंदीत जात नाही. न्यायाधीश सदावर्ते लघुलेखकाला जे सांगतात ते नोंदले जाते. बोलीतील अनुभव कार्यालयीन इंग्रजीच्या दोन वाक्यांत बसविला जातो आणि कोठेही खोटेपणा न होता त्यातील बरेच काही निघून जाते. ज्यांच्या व्यवसायात दुसऱ्याच्या अनुभवाचा गोषवारा करणे हाच मुख्य भाग आहे, त्यांनी ही प्रक्रिया पुन्हा पुन्हा पाहावी.

सरकारी वकील नूतन यांची व्यक्तिरेखा (गीतांजली कुलकर्णी) विशेष लक्षणीय आहे. न्यायालयात त्या 1876 च्या नाट्यप्रयोग कायद्याचा आधार घेतात. बाहेर पडल्यावर लोकलमध्ये साडी व ऑलिव्ह तेल यांविषयी बोलतात, मुलाला पाळणाघरातून घेतात, मधुमेही पतीसाठी स्वयंपाक करतात. त्या खलनायिका नाहीत. त्यांचा दिवस कोणत्याही नोकरदार मध्यमवर्गीय स्त्रीच्या दिवसासारखाच आहे, म्हणून प्रेक्षकाला त्यांचा रागही धड करता येत नाही. आरोपीला एकदाची वीस वर्षे देऊन टाकावीत, असे त्या सहकाऱ्यांशी सहज बोलून जातात, तेव्हा त्या क्रूर वाटत नाहीत, थकलेल्या वाटतात. हे कुटुंब सुटीच्या दिवशी मराठी नाटकाला जाते. परप्रांतीयांची टवाळी करणाऱ्या त्या नाटकाला सभागृह मनापासून हसते. ‘फँड्री’तील हसणारी गर्दी येथे तिकीट काढून आलेली आहे.

चित्रपट जेथे संपावयास हवा तेथे संपत नाही. सुटी लागते, न्यायालयाचा कक्ष रिकामा होतो, एकामागून एक दिवे मालवले जातात आणि पडदा काळोखात बुडतो. प्रेक्षक उठण्याच्या तयारीत असतानाच न्यायाधीश सहकुटुंब सहलीला गेलेले दिसतात. बाकावर त्यांना डुलकी लागते, मुले ओरडून त्यांची झोपमोड करतात, ते एका मुलाच्या मुस्कटात मारतात आणि पुन्हा डोळे मिटतात. हा शेवट ‘फँड्री’च्या शेवटाहून निर्मम आहे, कारण त्यात प्रेक्षकाला करण्यासारखे काहीच उरत नाही. दगडाला दाद देता येते. झोपेला काय दाद देणार? तिन्ही चित्रपटांत ‘कोर्ट’ श्रेष्ठ ठरतो तो या संयमामुळे.

‘स्थळ’ : प्रश्न विचारणारे

‘स्थळ’ 2023 च्या टोरांटो महोत्सवात दाखविला गेला व तेथे त्यास ‘नेटपॅक’ पुरस्कार मिळाला. महाराष्ट्रात तो मार्च 2025 मध्ये, महिला दिनाच्या आदल्या दिवशी प्रदर्शित झाला. चंद्रपूर जिल्ह्यातील कापूस पिकविणाऱ्या गावात सविता वांढरे (नंदिनी चिकटे) समाजशास्त्र घेऊन पदवीचे शिक्षण घेत आहे. स्पर्धा परीक्षा द्यावी ही तिची इच्छा आहे. घरच्यांना तिचे लग्न उरकावयाचे आहे. नवशिक्या कलावंतांकडून करून घेतलेले काम आणि वऱ्हाडी बोलीचा सहज वापर यांमुळे चित्रपटाला कसलाही मुलामा चढलेला नाही.

चित्रपटाच्या प्रारंभी सविता व इतर स्त्रिया ऐटीत बसल्या आहेत आणि ‘दाखविला’ जाणारा मुलगा त्यांच्यापुढे अवघडून बसून उत्तरे देत आहे. हे स्वप्न आहे, हे लवकरच उमगते. पण तोवर सभागृह हसलेले असते. त्यानंतर खरे कार्यक्रम सुरू होतात. पाहुणे येतात, पोहे येतात, मुलगी येते. नाव, शिक्षण, उंची, आवड, शेतीकामाची सवय असे तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारले जातात. पहिल्या वेळी प्रेक्षक तपशील पाहतो, दुसऱ्या वेळी हसतो, पुढे त्याला ते नकोसे होते. या पुनरावृत्तीला काही जणांनी पसरटपणा म्हटले आहे. ते मान्य करता येत नाही. एकदा घडलेला अपमान ही घटना असते. तोच क्रमाने घडू लागला की त्याची रीत होते आणि रीत दाखवावयाची तर पुनरावृत्तीवाचून गत्यंतर नाही. गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘संगीत शारदा’पासून (1899) मराठी प्रेक्षक विवाहाच्या बाजारावर अश्रू ढाळीत आला आहे. सोमलकर यांनी अश्रूंची ही जुनी वाट टाळली आहे.

चित्रपटातील प्राध्यापकाची व्यक्तिरेखा महाविद्यालयीन वर्तुळात सर्वाधिक चर्चिली जावयास हवी. सविताच्या महाविद्यालयात स्त्री-सक्षमीकरण शिकविणाऱ्या या तरुणाला ती आवडते. एका क्षणी प्रेक्षकाला वाटते, की येथे सुटकेचा मार्ग आहे. पण लग्नाची बोलणी घरच्यांच्या हाती जातात, हुंड्याची मागणी पुढे येते आणि वर्गात बोलणारा मनुष्य तेथे गप्प राहतो. कथेच्या रचनेच्या दृष्टीने हा विरोधाभास काहीसा ठोकळेबाज आहे, हे नमूद करावयास हवे. विषय नेमका स्त्री-सक्षमीकरणाचाच असणे ही लेखकाने केलेली सोय आहे. ‘कोर्ट’मधील नूतन यांच्यासारखी गुंतागुंत त्यात नाही. तथापि तो वर्गात जे शिकवितो त्यात चुकीचे असे एकही वाक्य नाही, ही बाब दृष्टिआड करता येत नाही. हुंडा प्रतिबंधक कायदा 1961 चा आहे, हेही त्याला ठाऊक असणारच.

महाविद्यालयात हा चित्रपट दाखविताना सभागृहात अशा विद्यार्थिनी असतात, की ज्यांना पुढच्या आठवड्यात पाहुणे पाहावयास येणार आहेत. तीच गोष्ट अन्य दोन चित्रपटांची. ‘फँड्री’ व ‘कोर्ट’ पाहणाऱ्यांत जब्याच्या आणि पवारच्या घरातील मुले असतात. त्यांच्यासाठी पडद्यावरचे काहीच नवे नसते. अशा वेळी व्यासपीठावरून प्रथम ‘विदारक वास्तव’ असा अभिप्राय आला, तर त्यांच्या मताला जागा उरत नाही. ‘वास्तव’ कोणाचे, हे ठरून गेलेले असते. प्राध्यापकाने मत देऊ नये असे नव्हे. परंतु त्याने ते सर्वांत शेवटी दिले आणि आपण कोणत्या प्रसंगी हसलो हे त्यात सांगितले, तर चर्चा निराळ्या दिशेने जाण्याचा संभव आहे.

‘स्थळ’मधील कापसाचे सूत्र हे याचे उदाहरण. चित्रपटावरील बहुतेक अभिप्राय सविताभोवती फिरतात. तिच्या वडिलांचा कापूस आणि त्याचा पडलेला भाव यांकडे पार्श्वभूमी म्हणून पाहिले जाते. वस्तुतः दोन्ही व्यवहारांची रचना सारखीच आहे. माल मांडून ठेवावयाचा, पारखणाऱ्याने पारखावयाचा, भाव त्याने ठरवावयाचा आणि मांडणाऱ्याने वाट पाहावयाची. दौलतराव बाजारात ज्या जागी उभे आहेत, त्याच जागी घरात त्यांनी मुलीला बसविले आहे. मुलीचा हुंडा भाव मिळाल्यावाचून उभा राहत नाही आणि भाव तर मिळत नाही. ज्या घरात कापूस विक्रीवाचून पडून राहिलेला आहे, त्या घरातून आलेल्या विद्यार्थ्याला हा संबंध समजावून द्यावा लागत नाही.