दोन वह्या

३ जुलै २०२३ हा गुरुपौर्णिमेचा दिवस होता. आदल्याच दिवशी राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष दुभंगला होता आणि श्री. शरद पवार कराडला, प्रीतिसंगमावर, यशवंतरावांच्या समाधीच्या दर्शनाला आले होते. गावात गर्दी लोटली होती. आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत दोन सहकारी हमरीतुमरीवर आले. अमुक एक वाहिनी पुरती विकली गेली आहे, तिने इकडचीच बाजू दाखवली, असे एकाचे म्हणणे. दुसऱ्याचे म्हणणे, विकली गेली हे खरे, पण तिकडच्यांना. दोघेही एकाच वाहिनीविषयी बोलत होते हे त्यांच्या ध्यानात यायला सुट्टीची घंटा व्हावी लागली. ध्यानात आल्यावरही कोणी माघार घेतली नाही, हे सांगायला नकोच.

मला त्या संध्याकाळी माळ्यावरच्या दोन वह्या आठवल्या. एक माझ्या थोरल्या आजोबांची, दुसरी त्यांच्या पाठच्या भावाची. दोघे एकाच वाड्यात राहिले, एकाच चुलीवरचे जेवले. थोरले संयुक्त महाराष्ट्र समितीचे, धाकटे काँग्रेसचे आणि यशवंतरावांचे. १९५६ पासून १९६० पर्यंत दोघेही वृत्तपत्रांतली कात्रणे चिकटवीत असत. आजी गव्हाच्या पिठाची खळ करी. ती एकाच वाटीत होई, आणि वाटी आधी कोणी घ्यायची यावरूनही अबोला धरला जाई असे वडील सांगत.

ह्या वह्या म्हणजे काही ग्रंथ नव्हेत, आणि मीही मॅट्रिकपर्यंत शिकून चित्रकला शिकवणारा मास्तर. चार कादंबऱ्या लिहिल्या म्हणून टीकाकार होत नाही. परंतु काय घ्यायचे आणि काय टाकायचे हे ठरवून जो माणूस पाने भरतो, तो एका अर्थी ग्रंथकारच. त्या दृष्टीने ह्या वह्या मी वाचल्या. वाचून जे वाटले ते दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवतो.

ज्या प्रसंगावर माझे बोट थांबले, तो आज फारसा कोणाला आठवत नाही. ऑगस्ट १९५६ मध्ये संसदेने विशाल द्वैभाषिक मुंबई राज्य मंजूर केले. त्या नव्या राज्याचा मुख्यमंत्री कोण, हे काँग्रेसच्या विधिमंडळ पक्षाने ठरवायचे होते. मोरारजी देसाई तेव्हाचे मुख्यमंत्री. निवड बिनविरोध होणार असेल तरच आपण नेता होऊ, असा त्यांचा आग्रह. भाऊसाहेब हिरे यांनी उभे राहण्याचा निश्चय केला. मोरारजींनी अंग काढून घेतले आणि आपले वजन यशवंतराव चव्हाणांच्या पारड्यात टाकले. ऑक्टोबरमध्ये मतदान झाले. यशवंतरावांना ३३३ मते, भाऊसाहेबांना १११. यशवंतराव तेव्हा त्रेचाळीस वर्षांचे होते. १ नोव्हेंबरला ते मुख्यमंत्री झाले. हे सारे एका पक्षाच्या घरातले. मतदार तेवढे आमदारच, पण त्या मतांवर कोट्यवधी माणसांचे राज्य कोणी चालवायचे ते ठरले. कराडच्या माणसाने हे विसरू नये. आमच्या गावचा मुख्यमंत्री जनतेच्या मतपेटीतून येण्याआधी ह्या चार भिंतींतल्या मतपेटीतून आला.

आता थोरल्या आजोबांची वही. तिच्यात ‘नवयुग’ आहे, आणि १५ नोव्हेंबर १९५६ पासून ‘मराठा’. आचार्य अत्र्यांच्या ह्या दैनिकाचे नाव काढले की आजही म्हातारी माणसे सरसावून बसतात. काँग्रेसवाल्यांनी ‘मराठा’वर एकांगीपणाचा आरोप केला, आणि तो खराच होता. पण त्यात लपवालपव कुठे होती? संपादक समितीचा पुढारी; १९५७ मध्ये तो स्वतःच समितीतर्फे विधानसभेवर निवडून आला. पुण्यात ‘केसरी’चे जयंतराव टिळकही तसेच समितीकडून निवडून आले. वृत्तपत्र आणि उमेदवार एकाच अंगरख्यात. वाचक आणा टाकून अंक घेई तेव्हा आपण कोणाच्या सभेला चाललो आहोत हे त्याला पक्के ठाऊक असे. अत्र्यांचे गद्य तर सभेचेच गद्य. ते कानाने वाचायचे. त्यात अतिशयोक्ती इतकी उघड असते की तिने कोणाची फसवणूक होत नाही; जत्रेतल्या पंधरा हाती राक्षसाला पाहून पोरेदेखील घाबरत नाहीत, टाळ्या पिटतात. मला तर असे वाटते की, यशवंतरावांना त्यांच्या मित्रांनी जेवढे मोठे केले नसेल तेवढे अत्र्यांच्या रागाने केले. एवढी मोठी तोफ लहान गडावर कोण डागतो?

१९५७ साली कराड उत्तरमध्ये यशवंतराव अगदी थोडक्यात तरले. राज्याचा मुख्यमंत्री आपल्या गावात पडता पडता वाचला. थोरल्या आजोबांनी त्या निकालाच्या बातमीभोवती काळी चौकट काढली आहे. हात माझ्यासारखाच वाकडा.

धाकट्या आजोबांची वही नीटनेटकी. तिची सुरुवात नव्या मुख्यमंत्र्यांच्या छायाचित्राने होते. पुढे भाषणे, पायाभरण्या, सत्कार. ३० नोव्हेंबर १९५७ ला प्रतापगडावर पंडित नेहरूंच्या हस्ते शिवछत्रपतींच्या पुतळ्याचे अनावरण झाले, त्याची दोन पाने आहेत. (त्या दिवशी धाकटे गडावर होते आणि थोरले पसरणीच्या घाटात काळे निशाण घेऊन. एकाच एस.टी.ने वाईपर्यंत गेले म्हणतात, वेगवेगळ्या बाकांवर.) १९५८ नंतर ह्या वहीत ‘विशाल सह्याद्री’ येऊ लागतो. अनंतराव पाटलांच्या संपादकत्वाखालचे हे पुण्याचे दैनिक काँग्रेसची बाजू मांडण्यासाठीच निघाले. म्हणजे विरोधी वृत्तपत्रांच्या पक्षपातावर तक्रार करून न थांबता त्या पक्षाने आपला पक्षपात छापायला घेतला. मला हा मार्ग आवडतो. तो आमच्या परंपरेतलाही आहे. आगरकरांचे आणि टिळकांचे पटेना, तेव्हा १८८७ साली आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि पुढल्या वर्षी ‘सुधारक’ काढला. मराठीत वृत्तपत्राला मतपत्र म्हणण्याची चाल आहे ती उगाच नव्हे.

पण ह्या परंपरेची किंमतही असते. १९०७ च्या डिसेंबरात सुरतेला काँग्रेस फुटली, तो प्रसंग पाहा. भांडण अध्यक्षपदावरून सुरू झाले. जहालांना लाला लजपतराय हवे होते, मवाळांनी डॉ. रासबिहारी घोष यांना पुढे केले. टिळक व्यासपीठावर गेले, आपल्या सूचनेवर बोलू द्या म्हणून उभे राहिले, आणि मंडपातून एक मराठी जोडा भिरभिरत आला तो सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि फिरोजशहा मेहता यांना लागला. हेन्री नेव्हिन्सन हा इंग्रज बातमीदार तिथे हजर होता. त्याने त्या जोड्याचे वर्णन मोठ्या चवीने केले आहे. पुढे दोन्ही पक्षांनी आपापली हकिगत प्रसिद्ध केली. दोन्ही हकिगती वाचल्या तर दोन वेगळ्या गावी दोन वेगळी अधिवेशने भरली होती की काय असे वाटावे. जोडा टिळकांच्या रोखाने आला होता की मवाळांच्या, ह्यावरसुद्धा एकमत झाले नाही. ‘केसरी’ टिळकांचाच, त्याने दुसरे काय लिहावे?

तरी सुरतेच्या त्या दोन हकिगती शेजारी शेजारी ठेवता येतात. भांडतात म्हणून त्या एकमेकींना तपासतात. माझ्या घरच्या दोन वह्यांचेही तसेच होईल अशी माझी समजूत होती. ऑक्टोबर १९५६ पर्यंत येईपर्यंत ती टिकली.

कारण त्या महिन्यात दोन्ही वह्या गप्प आहेत. थोरल्यांच्या वहीत जानेवारीतला मुंबईतला गोळीबार आहे, उन्हाळ्यातल्या सभा आहेत, ऑगस्टमधला द्वैभाषिकाचा संताप आहे. मग एकदम ‘मराठा’. धाकट्यांची वही तर नोव्हेंबरातच उघडते. भाऊसाहेब हिऱ्यांचे नाव दोन्ही वह्यांत एकदाही नाही. मी वडिलांना त्यांच्या हयातीत ह्याविषयी विचारले होते. ते म्हणाले, “थोरले म्हणत, चोरांच्या घरातली वाटणीची भांडणं, आपल्याला काय त्याचं? आणि धाकटे म्हणत, घरातलं भांडण वेशीवर कशाला टांगायचं?”

एकाने तुच्छतेने टाकले, दुसऱ्याने निष्ठेने झाकले. टाकलेली वस्तू मात्र एकच. मला हे फार अस्वस्थ करते. वास्तविक संयुक्त महाराष्ट्राची भाऊसाहेबांची ओढ यशवंतरावांपेक्षा अधिक उघड होती. १९५५ च्या अखेरीस फलटणला यशवंतरावांनी नेहरूंचे नेतृत्व संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीपेक्षा मोठे मानले, त्यावरूनच तर सारे रान पेटले होते. म्हणजे त्या १११ मतांत काही मते तरी थोरल्या आजोबांच्या बाजूची असली पाहिजेत. पण ‘काँग्रेसवाला’ ह्या एका शब्दात सारेच बसवल्यावर त्यांना वेगळे कसे ओळखायचे? अत्र्यांच्या शैलीत मला खोट दिसते ती इथे. ती अन्यायाची खोट नाही. अन्याय कळतो, त्याला उत्तर देता येते. पण त्या शैलीला शत्रू एकच लागतो, आणि तो सगळा काळाच लागतो. काळ्याच्या आतल्या करड्या छटा तिला दिसत नाहीत. चित्रकलेच्या तासाला मुले शाई ओततात तेव्हा मी हेच सांगतो. ती ऐकत नाहीत.

मग ह्यावर उपाय म्हणून निःपक्षपाती वृत्तपत्राकडे वळावे काय? इथे मला मराठीच्या मास्तरांची आठवण होते. ते भावे प्रयोगाविषयी बोलताना म्हणत, ज्या वाक्यात कर्ता पुढे येत नाही त्या वाक्यावर नजर ठेवा. राजकीय बातम्यांतले ‘असे समजते’, ‘असे बोलले जाते’, ‘गोटात नाराजी असल्याचे कळते’ पाहा. कोणाला समजते? कोण बोलतो? पक्षाच्या घरातल्या लढतीत तर अशी वाक्ये गवतासारखी उगवतात. कारण तिथे बातमी देणारा हा त्या लढतीतलाच एक असतो आणि बातमीदाराला त्याच्याशी उद्याही काम असते. हा पक्षपात अत्र्यांच्या पक्षपाताहून घातक, असे माझे मत आहे. त्याला तोंड नाही, म्हणून त्याला उत्तरही देता येत नाही.

आमच्या कादंबरीत हे ओळखले अरुण साधूंनी. ते स्वतः पत्रकार होते. ‘मुंबई दिनांक’ १९७२ ची आणि ‘सिंहासन’ १९७७ ची. दोन्हींवर मिळून जब्बार पटेलांनी १९७९ मध्ये ‘सिंहासन’ चित्रपट केला, पटकथा तेंडुलकरांची. मुख्यमंत्र्याला खाली खेचण्यासाठी त्याच्याच पक्षातला मंत्री जुळवाजुळव करतो, आणि दिगू टिपणीस नावाचा पत्रकार ह्या दारातून त्या दारात जातो. दिगू लबाड नाही. कोणाचा मिंधाही नाही. त्याला सारे ठाऊक असते, आणि ठाऊक असल्याने काहीच होत नाही. निळू फुल्यांनी त्याचे शेवटचे वेडे हसणे असे काही हसून दाखवले आहे की मला ते अजून ऐकू येते. साधूंच्या आधी मराठी कादंबरीत पत्रकार बहुधा ध्येयवादी तरी असे किंवा विकाऊ तरी. तटस्थ माणसाची तटस्थताच त्याला खाते, हे साधूंनी दाखवले. माझी तक्रार एवढीच की, दिगूचा वाचक त्या कथेत कुठेच नाही. ज्या छापील कागदासाठी त्याची एवढी धावपळ, तो सकाळी घरोघर कोण उघडतो, कात्री कुठे लावतो, हे साधू सांगत नाहीत. मुंबईची ती गोष्ट. कराडच्या वाड्यातला वाचक तिला कशाला लागावा?

जाता जाता एक आठवण; माझी नव्हे, गावाची. १९७५ साली कराडला साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष दुर्गाबाई भागवत, स्वागताध्यक्ष केंद्रीय मंत्री यशवंतराव. आणीबाणी चालू, वृत्तपत्रांवर पूर्वनियंत्रण. दुर्गाबाईंनी त्या मंडपात तुरुंगवासाने खचलेल्या जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली. त्या वर्षी वृत्तपत्रे पक्षपाती आहेत अशी तक्रार फारशी कोणी केली नसेल. सरकारी कात्रीपुढे सगळी सारखीच दिसत होती.

यशवंतरावांनी ‘कृष्णाकाठ’ लिहिले ते १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले, पण ते १९४६ पाशी थांबते. त्याच वर्षी ते गेले. त्यामुळे ३३३ आणि १११ यांची हकिगत त्यांच्या आत्मचरित्रात नाही. माझ्या घरच्या वह्यांनी ती जपावी अशी इच्छा होती. तीही फुकट गेली म्हणावे, तर एक लहानसा अपवाद आहे.

धाकट्या आजोबांच्या वहीतले ते पहिले छायाचित्र. सहासष्ट वर्षांनी खळ सुकली होती, झुरळांनीही आपला वाटा घेतला होता. पान उलटताना ते कात्रण माझ्या हातात सुटून आले. मागच्या बाजूला आदल्या महिन्यातल्या निवडणुकीचा मागोवा घेणारा मजकूर होता. छायाचित्राच्या कडेने कात्री फिरली होती, म्हणून ओळी दोन्हीकडून तुटलेल्या. तरी भाऊसाहेबांचे अर्धे नाव आणि मतांचा आकडा शाबूत होता. म्हणजे त्या वृत्तपत्राने तो छापला होता. आजोबांच्या हातात तो आला होता, आणि खळ लावताना त्यांच्या बोटाखाली गेला होता.

ते कात्रण पुन्हा चिकटवायचे तर कोणती तरी एक बाजू खाली जाणार. मी ते सुटेच वहीत घालून ठेवले आहे.