वजनात बसणाऱ्या मुली

उर्दू शायरीच्या शास्त्रात 'वजन' हा मोठ्या मानाचा शब्द आहे. मिसरा वजनात असला पाहिजे. एखादा उच्चार कमी पडला तरी जाणकाराच्या कानाला खटकतो आणि जास्त झाला तरी खटकतो. मिसऱ्याचे तुकडे पाडून त्याचे वजन तपासण्याच्या कामाला 'तक्ती' म्हणतात. मराठीतही या शब्दाला प्रतिष्ठा आहे. ज्याच्या शब्दाला वजन तो माणूस मोठा, आणि वजनदार पुढारी म्हटले की त्याच्या किलोंचा हिशेब कोणी करत नाही. मात्र हाच शब्द लग्नाच्या मुलीला लागला की त्याचा अर्थ फिरतो. पुरुषाचे वजन ही त्याची पत ठरते आणि मुलीचे वजन हा तिचा दोष ठरतो.

रिश्ता पाहायला आलेली मंडळी मुलीची अशीच तक्ती करतात. पिंपरी, कासारवाडी, काळेवाडी, चिंचवडपासून भोसरी, मोशी, चाकणपर्यंत कारखान्यांच्या आधाराने वाढलेल्या आपल्या वस्त्यांत हा प्रसंग घरोघर होतो. मुलाची चौकशी एका प्रश्नात संपते. कंपनीत पर्मनंट आहे की कॉन्ट्रॅक्टवर? मुलीची मात्र उंची, रंग, केस, चाल, अंगलट सारे तपासले जाते. 'लडकी अच्छी है, पढी-लिखी है, मगर जरा भारी है' हे वाक्य पुष्कळदा मुलाच्या तोंडचे नसते. ते त्याच्या अम्मीचे, खालाचे किंवा फुफीचे असते. चाकण-तळेगाव रस्त्यावर ट्रक काट्यावर चढतो तेव्हा त्याला वजनाची पावती तरी मिळते. मुलीच्या घरी पावती येत नाही. चार दिवसांनी निरोप येतो की इस्तिखारा ठीक आला नाही. अल्लाहकडे मार्गदर्शन मागण्याची ही दुआ आपण आपला नकार झाकण्यासाठी वापरतो, आणि याचे आपल्याला काही वाटेनासे झाले आहे.

हा प्रश्न पडद्यावर आणि साहित्यात कसा आला आहे आणि त्यातून आपण काय घ्यावे, याचा विचार येथे करायचा आहे.

२०१५ साली शरत कटारिया यांचा 'दम लगा के हईशा' हा हिंदी चित्रपट आला. त्या वर्षीच्या उत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. काळ नव्वदच्या दशकातला, गाव हरिद्वार. प्रेम (आयुष्मान खुराना) हा दहावीची पायरी न ओलांडलेला, कॅसेटचे दुकान चालवणारा तरुण. घरच्यांच्या दबावाखाली त्याचे लग्न संध्याशी (भूमी पेडणेकर) होते. संध्या अंगाने भरलेली आहे आणि बी.एड. शिकलेली आहे. तिला शिक्षिका व्हायचे आहे. प्रेमला तिची लाज वाटते. मुलाच्या घरच्यांनी तिला पसंत केले ते तिच्या शिक्षणाकडे आणि उद्याच्या पगाराकडे पाहून. आमच्या बी.एड.च्या वर्गातल्या मुलींना हा भाग समजावून सांगावा लागला नाही. नोकरीची आशा असलेल्या मुलीचे वजन थोडे माफ होते, हा हिशेब आम्हांला तोंडपाठ होता. पदवी हा मेहेरचा नव्हे, जहेजचाच एक प्रकार होऊन बसला आहे.

या चित्रपटाचा मोठा गुण असा की संध्या कोणाची क्षमा मागत नाही. मित्राच्या लग्नात नवरा चारचौघांत तिच्या शरीरावरून घाण बोलतो तेव्हा ती तिथेच त्याच्या थोबाडीत मारते, घर सोडते आणि घटस्फोट मागते. शेवटपर्यंत ती बारीक होत नाही. कुरूप समजली गेलेली नायिका मध्यंतरानंतर सजून, सुधारून परत येते आणि मग नायकाचे डोळे उघडतात, ही आपल्या चित्रपटांची जुनी वाट. कटारियांनी ती नाकारली. त्यांच्या कथेत बदलावे लागते ते नायकाला.

तरीही शेवटाकडे आले की मन थोडे अडते. कोर्ट दोघांना सहा महिने एकत्र राहायला सांगते आणि गोष्ट एका शर्यतीवर येऊन ठेपते. नवऱ्याने बायकोला पाठीवर घेऊन धावायचे. प्रेम संध्याला घेऊन धावतो, जिंकतो आणि प्रेम जुळते. दृश्य सुंदर आहे, प्रेक्षक टाळ्या वाजवतात, मीही वाजवल्या होत्या. परंतु नंतर विचार करता जाणवले की संध्या या शर्यतीत ओझेच आहे. ज्या वजनावरून तिचा अपमान झाला, त्याच वजनाने आता नवऱ्याचा दम सिद्ध झाला. परीक्षा त्याची, विजय त्याचा. त्याचे शिक्षण, त्याचा धाक-दपटशा, त्याची बेफिकिरी यांचे वजन मात्र कोणत्याच काट्यावर चढले नाही.

पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २०१६ मध्ये, सचिन कुंडलकर यांचा मराठी चित्रपट 'वजनदार' प्रदर्शित झाला. सई ताम्हणकर आणि प्रिया बापट यांनी त्यात पाचगणीतल्या दोन स्थूल मैत्रिणींचे काम केले आहे. एक विवाहित, दुसरी अविवाहित. वजन उतरवण्याच्या त्यांच्या खटपटींतून विनोद घडतो. 'दम लगा के हईशा'च्या मानाने हा चित्रपट हलका वाटतो. पण त्याच्याकडे एक गोष्ट जास्त आहे, ती म्हणजे दोन बायकांचे आपसांतले बोलणे. आपल्या शरीराविषयी बाई दुसऱ्या बाईशी काय बोलते, कुठे हसते, कुठे गप्प होते, हे ऐकण्याची सवय आपल्या पडद्याला नाही. आपल्या साहित्यालाही फारशी नाही.

या दोन्ही चित्रपटांविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. तिन्ही अभिनेत्रींनी भूमिकेसाठी वजन वाढवले आणि नंतर उतरवले. भूमी पेडणेकरने वजन कसे उतरवले याच्या बातम्या त्यानंतर किती दिवस येत राहिल्या! पडद्यावर ज्या शरीराचा सन्मान झाला ते शरीर प्रत्यक्षात एक पोशाख होते. काम झाले, उतरवून ठेवले. ज्या मुलीला तो पोशाख उतरवता येत नाही तिने कोणते वाक्य खरे मानावे, चित्रपटातले की बातमीतले?

हे पाहता-पाहता असे वाटू लागते की बारीक अंगाची आवड ही माणसाच्या डोळ्यांची उपजत आवड असावी. साहित्याचा इतिहास असे म्हणत नाही. इस्लामपूर्व अरबी कसिद्यांतली माशूका अंगाने भरलेली आहे. तिच्या नितंबांना वाळूच्या टेकडीची उपमा दिली जाते आणि तिचे सावकाश उठणे हेच तिचे सौंदर्य असते. आपल्या महाराष्ट्री प्राकृतातल्या हालाच्या 'गाथासप्तशती'तल्या नायिकाही भरल्या अंगाच्या आहेत. संस्कृत कवींनी तर चालीला हत्तीची उपमा दिली आणि ती स्तुती होती. आज कोणा मुलीला गजगामिनी म्हणून पाहा! दख्खनी उर्दूचा कवी मुहम्मद कुली कुतुबशहा याने आपल्या प्रेयसींवर कविता लिहिल्या, त्यांत सांवली आहे, गोरी आहे, नन्ही आहे, छबीली आहे. एकच साचा घेऊन तो बसला नाही.

पुढे फारसीच्या प्रभावाखालच्या उर्दू गझलेत मात्र माशूका सरूच्या झाडासारखी सडसडीत झाली आणि तिची कमर केसाएवढी झाली. शायरांनी एकमेकांशी चढाओढ करत ती कमर इतकी बारीक केली की शेवटी ती नाहीच असे ठरले. वर्गात मुबालगा, म्हणजे अतिशयोक्ती, शिकवताना मी हे उदाहरण देते. एकदा मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, 'मिस, फिर ओ खाना खाती तो किदर जाता था?' सारा वर्ग हसला, मीही हसले. पण प्रश्न समीक्षकाचा होता. शायराला ती कमर खरी वाटत नव्हती, श्रोत्यालाही वाटत नव्हती. तो दोघांमधला खेळ होता. खेळाचे माप आपण घरातल्या मुलींना लावले, ही आपली चूक.

याच मुलींपैकी आठवीतली एक शालेय पोषण आहाराची खिचडी अर्धी टाकून देत असे. विचारले तर म्हणाली, 'अम्मी बोलती, अब्बीच से सम्हाल, बाद में रिश्ते नै आते.' तेरा वर्षांची मुलगी. तिचे वजन डॉक्टरने पाहिले असते तर गोष्ट वेगळी होती. तब्येतीचा काटा वेगळा असतो, तो माणसाच्या भल्यासाठी असतो. हा काटा तिला न पाहिलेल्या कोणा मुलाच्या अम्मीचा होता, आणि तिच्या स्वतःच्या अम्मीने तो आधीच घरात आणून ठेवला होता.

बरे, बारीक असल्याने प्रश्न सुटतो का? इस्मत चुगताई यांची 'चौथी का जोडा' ही कथा वाचावी. बापाविना वाढलेली कुबरा अंगाने सुकलेली आहे. घरी आलेल्या राहतसाठी दागिने विकून पराठे आणि कोफ्ते होतात. तो खाऊन-पिऊन निघून जातो आणि त्याचे लग्न दुसरीकडे ठरते. कुबरा क्षयाने मरते आणि चौथीचा जोडा बेतणारे आईचे हात तिच्या कफनाचे कापड बेततात. कुबरा भारी नव्हती, तरी वजनात बसली नाही. कारण काट्याच्या दुसऱ्या पारड्यात टाकायला तिच्या आईजवळ काही नव्हते. म्हणून माझे म्हणणे असे की नकाराला शरीर हे पुष्कळदा निमित्त असते. काटा ज्याच्या हातात आहे त्याला कारण सापडतेच.

नव्या पिढीला वाटते की आपण यातून सुटलो. चाकण, हिंजवडीला नोकरी करणारी मुले-मुली स्वतः ओळख करून घेतात, मोबाईलवर फोटो पाहून पसंत-नापसंत ठरवतात. मध्ये खाला नाही, फुफी नाही. पण खालाला जे करायला चहा-पोह्यांचा अर्धा तास लागत होता ते आता अंगठा एका क्षणात करतो. एवढेच की आता मुलगीही मुलाला सरकवू शकते. ही बरोबरी झाली खरी, पण न्याय झाला असे मला म्हणवत नाही.

येथे कोणी म्हणेल की आवड सक्तीने निर्माण होत नाही. ते खरे आहे, आणि आपल्या धर्मानेही ते मान्य केले आहे. निकाहापूर्वी एकमेकांना पाहून घ्यावे, त्याने प्रेम टिकते, असा मुगीरा बिन शोबा (र.) यांना सल्ला दिल्याची हदीस प्रसिद्ध आहे. नापसंतीचा हक्क दोघांनाही आहे. पण नापसंती आणि नालस्ती यांत अंतर आहे. सूरह हुजुरातमध्ये एकमेकांची थट्टा करू नका, वाईट नावे ठेवू नका असे बजावताना स्त्रियांनी स्त्रियांची थट्टा करू नये हे वेगळे सांगितले आहे. रिश्त्याच्या बैठकीत बहुतेक बोलणे बायकांचेच असते, हे ध्यानात घेतले म्हणजे ही सूचना किती नेमकी आहे ते कळते.

आणि ज्यांना शर्यतच हवी असेल त्यांच्यासाठी अबू दाऊदच्या संग्रहात एक शर्यत आहे. हजरत आयेशा (र.) सांगतात की एका प्रवासात त्या प्रेषितांशी (स.) धावल्या आणि जिंकल्या. पुढे त्यांचे अंग भरले, तेव्हा पुन्हा शर्यत झाली आणि प्रेषित (स.) जिंकले. तेव्हा त्यांनी म्हटले की ही त्या वेळची फेड. एवढीच गोष्ट. वजन वाढल्याचा उल्लेख बाई स्वतः करते आणि त्यात लाज नाही. नवरा ते पाहतो आणि त्यात तिरस्कार नाही. हजरत सौदा (र.) शरीराने जड होत्या, हळू चालत. हजमध्ये मुज्दलिफाहून गर्दीच्या आधी निघण्याची त्यांना परवानगी मिळाली. तिथे जडपणाला सवलत मिळाली, टोमणा मिळाला नाही.

हरिद्वारच्या शर्यतीत आणि या शर्यतीत हाच फरक मला महत्त्वाचा वाटतो. तिथे पुरुष बाईला उचलून स्वतःला सिद्ध करतो. इथे कोणी कोणाच्या पाठीवर नाही. बाई आपल्या पायांनी धावते, एकदा जिंकते, एकदा हरते, आणि संसार चालू राहतो. चौदाशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट आपण वाजांत फारशी ऐकत नाही. पती-पत्नीच्या हक्कांची यादी ऐकतो, त्यांचे एकत्र धावणे ऐकत नाही.

आपल्या लेखकांनी तलाक, हुंडा, दंगल, गरिबी यांवर लिहिले आहे आणि ते लिहिलेच पाहिजे. पण मुलगी पाहण्याच्या त्या अर्ध्या तासावर, ट्रे हातात घेऊन दारात उभ्या असलेल्या मुलीच्या बाजूने लिहिलेली कथा माझ्या वाचनात फार कमी आली. ती कोणीतरी लिहावी. तिच्यात मुलगी बारीक होऊ नये, तिला कोणी पाठीवर घेऊ नये आणि शेवटी तिचे लग्न झालेच पाहिजे असाही आग्रह नसावा. ती कथा मी आठवीच्या वर्गात वाचून दाखवीन, खिचडीची सुट्टी होण्याआधी.