परंड्याचीं साधनें व पदव्युत्तर अभ्यासक

इ. स. १६०० त मोगलांनीं अहमदनगर घेतल्यावर मलिक अंबरानें दुसऱ्या मूर्तजास गादीवर बसविलें तें परंड्यास. १५४९ त ओतलेली मुलुखमैदान तोफ १६३२ त विजापुरास गेली तीहि येथूनच. अशा स्थळाचा इतिहास लिहावयाचा तर फार्सी, मोडी आणि निजामी अमलांतील उर्दू, या तिन्हींची ओळख पाहिजे.

या प्रांतांतील पुष्कळ पदव्युत्तर अभ्यासक शेतकरी घरांतून येतात. कित्येक तर घरांतले पहिलेच पदवीधर. प्रबंध करून अध्यापकाची जागा मिळवावी, ही त्यांची आकांक्षा. ती आम्ही हीन मानीत नाहीं. आमचा आक्षेप एवढाच कीं, लिपि येत नाहीं म्हणून छापील ग्रंथांवर भागेल असाच विषय निवडला जातो, आणि मूळ कागद तसाच राहतो.

संग्राहक मंडळी अशा वेळीं कै. राजवाड्यांचा दाखला देतात. राजवाडे बी. ए. च्या पुढें गेले नाहींत, तरी त्यांनीं साधनांचे बावीस खंड काढले, हें खरें. परंतु ज्यांनीं आपले रुमाल त्यांच्यापुढें सोडले, त्यांचा वांटा विसरून चालणार नाहीं. आज आपण किती जण ते सोडतों?

विद्यापीठांनीं विषय नेमण्यापूर्वीं वर्षभर लिपि व भाषा शिकवावी. संग्राहकांनीं निदान नक्कल तरी द्यावी. एरवीं अभ्यासकास पदवी मिळेल, परंड्यास इतिहास मिळणार नाहीं.