‘अवयव पाडा’ – पण पडतात का?

माध्यमिक शाळेच्या बीजगणितात ‘अवयव पाडा’ या सूचनेखाली उदाहरणांची लांबलचक रांग असते. तिचा एक दोष सहसा कोणाच्या लक्षात येत नाही : रांगेतील बहुतेक प्रत्येक राशीचे अवयव पडतातच.

प्रत्यक्षात काय दिसते? क्ष² + मक्ष + न ही वर्गत्रिपदी घ्या आणि म व न यांना १ ते १० या पूर्णांकी किमती द्या. एकूण १०० त्रिपदी मिळतात. त्यांपैकी पूर्णांकी अवयव पडतात ते फक्त १४ त्रिपदींचे. उरलेल्या ८६ विद्यार्थ्याला क्वचितच भेटतात. सरावासाठी सुटणारी उदाहरणे लागतात, हे खरे. पण तेवढीच दिली तर अवयव असतातच, सापडले नाहीत तर आपलेच काहीतरी चुकले, अशी त्याची समजूत होते.

क्ष² + ५क्ष + ८ पाहा. ८ च्या धन जोड्या दोनच : १ व ८, २ व ४. त्यांच्या बेरजा ९ आणि ६. ऋण जोड्यांची बेरीज ऋणच येणार. म्हणजे ५ मिळणे शक्य नाही. जोड्या संपल्या, तेथे सिद्धताही पूर्ण झाली. ‘नाही’ हेही गणितात उत्तर असू शकते, हे शिकवण्याची याहून सोपी संधी कोणती?

दुसरा आक्षेप रीतीविषयी आहे. ६क्ष² + १९क्ष + १० मध्ये ६ × १० = ६०, म्हणून १९ ची फोड १५ व ४ अशी करा, एवढेच सांगितले जाते. ६० कशासाठी? (२क्ष + ५)(३क्ष + २) हा गुणाकार करून पाहा. मधली पदे २ × २ आणि ५ × ३ यांतून येतात. याच चार संख्यांची जुळणी बदलली, की २ × ३ हा पहिला सहगुणक आणि ५ × २ हे शेवटचे पद मिळते. म्हणून दोन्ही गुणाकार सारखे. फळ्यावर याला दोन मिनिटे पुरतात. मग युक्ती पाठ करावी लागत नाही.

शिवाय ‘अवयव पडत नाहीत’ हे विधान अपुरे आहे. क्ष² + ५क्ष + ५ चे पूर्णांकी अवयव नाहीत. √५ वापरायची मुभा दिली, की पडतात. कोणत्या संख्यांत, हे सांगायलाच हवे.

शिक्षकांनी दहांपैकी तीन उदाहरणे न सुटणारी द्यावीत आणि सूचना बदलावी : ‘अवयव पडतात का? कारण द्या.’