हवामान प्रतिमानांतील जलचक्र व पृष्ठभागीय ऊर्जा संतुलन : वाशिम जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

हवामान बदलाच्या चर्चेत कार्बन डायऑक्साइडला जे स्थान मिळते, ते जमिनीतील ओलाव्याला सहसा मिळत नाही. वस्तुतः सूर्यापासून पृष्ठभागास मिळालेल्या ऊर्जेची वाटणी बहुतांशी पाणीच ठरविते. दिवसाला 1 मिलिमीटर बाष्पीभवन होण्यास दर चौरस मीटरला सरासरी 28 वॅट ऊर्जा खर्ची पडते. ओलावा नसल्यास हीच ऊर्जा जमीन व हवा तापविते.

स्युकुरो मानाबे यांनी 1969 मध्ये हा व्यवहार प्रतिमानात आणला, तो जमिनीला 15 सेंटिमीटर पाणी मावणारी बादली मानून. बादली तीन-चतुर्थांश भरलेली असली की बाष्पीभवन पूर्ण वेगाने होते; त्याखाली ओलाव्याच्या प्रमाणात घटते. मानाबे 2021 च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचे सहमानकरी ठरले, हे उचितच होते. तथापि ही बादली कोणत्या जमिनीची, हा प्रश्न वाशिममधून विचारलाच पाहिजे.

येथील भारी काळी जमीन उन्हाळ्यात खोलवर भेगाळते. मृगाचे पहिले पाणी बरेचसे भेगांतून थेट खाली उतरते. पुढे माती फुगून भेगा मिटल्या की तीच जमीन पाणी मुरू देत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या पृथ्वी प्रणाली प्रतिमानातील 'नोआ' ही भूपृष्ठ योजना दोन मीटर मातीचे चार थर मानते. बादलीपेक्षा हे कितीतरी पुढचे पाऊल आहे. परंतु भेगा तिच्या मूळ रचनेत नाहीत. त्यामुळे जूनमधील ऊर्जेची वाटणी, म्हणजे नेमकी पेरणीच्या दिवसांतील, चुकण्याचा संभव राहतो.

दुसरा आक्षेप सरासरीवर आहे. शंभर किलोमीटर बाजूच्या एका चौकटीत वाशिमएवढे जवळपास दोन जिल्हे मावतात. ऑक्टोबरात सोयाबीन निघाल्यावर कोरडवाहू रान उघडे पडते, तर शेजारीच हरभऱ्याला पाणी सुरू असते. मानाबेंच्याच नियमाने निम्मे क्षेत्र पूर्ण ओले व निम्मे कोरडे धरल्यास बाष्पीभवन कमाल मर्यादेच्या 50 टक्के येते. सर्वत्र निम्मा ओलावा धरल्यास सुमारे 67 टक्के. पाणी तेवढेच, हिशेब मात्र वेगळा!

जागतिक सरासरी तापमानासाठी हे तपशील गौण आहेत, असा प्रतिवाद होऊ शकतो व तो त्या मर्यादेत मान्य आहे. परंतु रँडल कोस्टर व सहकाऱ्यांनी 2004 मध्ये बारा प्रतिमानांची तुलना करून, मातीच्या ओलाव्याचा पावसावर ठळक प्रभाव असलेल्या प्रदेशांत भारताचाही समावेश केला. त्या प्रतिमानांत परस्परांत मतभेदही बरेच होते. अशा स्थितीत जिल्हानिहाय अनुमाने नियोजनासाठी वापरताना, पैनगंगाकाठची भारी जमीन आणि उंचवट्यावरची मुरमाड जमीन येथे ओलाव्याची खोलीनिहाय नोंद जूनपासून घेतली जावी. भूगोल व भौतिकशास्त्र विभागांना एकत्रितपणे हे काम सहज करता येईल.